पिवळ्या पिशवीतली चरबी: मुंबईच्या पालिका वैद्यकीय महाविद्यालयांना खुले पत्र

प्रति,
मा. अधिष्ठाता आणि संस्थात्मक नीतिसमित्यांचे सर्व सदस्य,
बृहन्मुंबई महानगरपालिकेची वैद्यकीय महाविद्यालये,
मुंबई

सन्माननीय महोदय, महोदया,

केईएम, सायन, नायर आणि कूपर या चार रुग्णालयांच्या शस्त्रक्रियागृहांत हर्नियाच्या, पित्ताशयाच्या, गर्भाशयाच्या आणि सिझेरियनच्या शस्त्रक्रिया रोज होतात. त्यांपैकी काहींमध्ये, विशेषतः बेंबीच्या किंवा जुन्या टाक्यांच्या हर्नियामध्ये, त्वचेखालच्या चरबीचा किंवा ओमेंटमचा, म्हणजे आतड्यांच्या पुढ्यात लोंबणाऱ्या चरबीच्या थराचा, थोडा भाग सर्जनला काढावाच लागतो. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनुसार, तपासणीसाठी पाठवण्याचे कारण नसेल तर, तो पिवळ्या पिशवीत जातो आणि जाळला जातो. रुग्णाची रीतसर संमती घेऊन यातला अर्धा-एक ग्रॅम राखून ठेवण्याची सोय आपण करावी आणि चारही महाविद्यालयांची मिळून एक मेदऊती पेढी, म्हणजे चरबीचे नमुने संशोधनासाठी जपून ठेवणारी जागा, उभारावी, एवढीच विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मागणी लहान दिसते, तरी तिच्यामागचे शास्त्र आणि तिच्यातल्या अडचणी दोन्ही सविस्तर मांडणे मला आवश्यक वाटते, कारण असे प्रस्ताव बहुधा पहिल्याच बैठकीत 'चांगली कल्पना आहे' असे म्हणून बाजूला ठेवले जातात.

मी वैद्यकाच्या पहिल्या वर्षाला जीवरसायनशास्त्र शिकवत असे. चरबी म्हणजे शरीराने साठवून ठेवलेले इंधन, एवढ्यावर त्या काळी तो पाठ संपत असे. 1994 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने लेप्टिन या संप्रेरकाचे जनुक शोधून काढले आणि मेदपेशी रक्तात संप्रेरक सोडतात, मेंदूला साठ्याचा हिशेब कळवतात, हे स्पष्ट झाले. त्याच्या आदल्याच वर्षी बोस्टनमधल्या संशोधकांनी लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा हा दाहकारक घटक तयार होतो आणि तो इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतो, असे दाखवले होते. 2003 मध्ये दोन स्वतंत्र गटांनी लठ्ठपणात चरबीच्या ऊतीत मॅक्रोफेज, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या भक्षक पेशींची गर्दी होते, हे मांडले. हा दाह इन्सुलिन प्रतिरोधाचे (शरीर इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाही, त्या स्थितीचे) मूळ कारण आहे की फुगलेल्या, मरू घातलेल्या मेदपेशींचा परिणाम आहे, यावर अजून वाद आहे, आणि तो वाद उंदरांवरच्या प्रयोगांनी मिटेल असे मला वाटत नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण सार्वजनिक आरोग्याच्या भाषणांत ती नेहमी निसटते. इन्सुलिन प्रतिरोध जास्त चरबीमुळे होतो, असे आपण सरसकट म्हणतो. लिपोडिस्ट्रॉफीच्या दुर्मिळ रुग्णांत त्वचेखाली चरबी जवळजवळ नसतेच, तरीही त्यांच्यातला इन्सुलिन प्रतिरोध अतिशय तीव्र असतो, यकृत मेदाने भरलेले असते आणि त्यांच्यातल्या काहींना लेप्टिनचे इंजेक्शन दिल्यावर साखर खाली येते. उलट, 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पंधरा लठ्ठ स्त्रियांच्या पोटाच्या त्वचेखालची सुमारे दहा किलो चरबी लायपोसक्शनने काढली गेली. दहा ते बारा आठवड्यांनी तपासले तेव्हा त्यांच्या इन्सुलिन-संवेदनशीलतेत काहीही सुधारणा नव्हती. तिसरे उदाहरण आपल्या प्रत्येक ओपीडीतले आहे. मधुमेहावरचे पायोग्लिटाझोन हे औषध घेणाऱ्या रुग्णाचे वजन वाढते, त्वचेखालची चरबीही वाढते, आणि तरीही त्याचा इन्सुलिन प्रतिरोध कमी होतो. या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या, की चरबी किती आहे यापेक्षा ती कुठे साठते आणि तिथली मेदपेशी आपले काम करू शकते का, हा प्रश्न पुढे येतो.

ते काम असे. जेवणानंतर इन्सुलिन वाढले, की मेदपेशी रक्तातली चरबी आत घेते आणि साठ्यातली चरबी बाहेर सोडणे थांबवते. यासाठी इन्सुलिनची थोडी पातळीही पुरते. पेशी आकाराने फार फुगली की हे थांबवणे तिला जमेनासे होते; मेदाम्ले रक्तात गळत राहतात आणि ज्या अवयवांचा तो धंदा नाही त्या यकृतात, स्नायूंत आणि स्वादुपिंडात जाऊन बसतात. इमारतीच्या गच्चीवरची टाकी लहान असेल तर ती लवकर भरून वाहते आणि ओल खालच्या घरांत उतरते, तसाच काहीसा हा प्रकार आहे. मोठ्या माणसात मेदपेशींची एकूण संख्या फारशी बदलत नाही. वातावरणातल्या अणुचाचण्यांमुळे वाढलेल्या कार्बन-14 चा माग काढून 2008 साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखवले, की दरवर्षी साधारण दहा टक्के मेदपेशी मरतात आणि तितक्याच नव्या तयार होतात, पण एकूण संख्या बालपणात आणि पौगंडावस्थेत ठरून गेलेली असते. थोडक्यात, टाकीचे माप लवकर ठरते.

भारतीयांची टाकी लहान असावी, हा संशय जुना आहे, आणि त्याचा मोठा भाग महाराष्ट्रातून आलेला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील (आपल्या परळच्या केईएमशी नावापुरताच संबंध) डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) 22.3, युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन 2.7 किलो, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे 3.5 किलो, पण ही खेड्यातली बाळे स्नायूंत जितकी कमी भरली, तितकी त्वचेखालच्या चरबीत कमी भरली नाहीत. जादा वजनासाठी जगभर वापरली जाणारी बीएमआयची पंचवीसची रेघ आपल्या लोकांना पुरत नाही, म्हणून भारतीय तज्ज्ञांनी 2009 साली 23 ही जादा वजनाची आणि 25 ही लठ्ठपणाची मर्यादा ठरवली, आणि कंबरेसाठी पुरुषांना 90 व स्त्रियांना 80 सेंटिमीटर.

आता मुद्द्याची गोष्ट. हा संशय प्रत्यक्ष मेदपेशीत पाहून तपासण्याचे जे काम झाले, त्यातली बऱ्याचदा उद्धृत होणारी दोन नावे अमेरिकेतले डॅलस आणि कॅनडा ही आहेत. 2007 मध्ये डॅलसच्या संशोधकांनी दक्षिण आशियाई आणि गोऱ्या पुरुषांची तुलना केली, तेव्हा दक्षिण आशियाई पुरुषांच्या त्वचेखालच्या मेदपेशी आकाराने मोठ्या आढळल्या, इन्सुलिनच्या कामाला मदत करणारे अॅडिपोनेक्टिन हे संप्रेरक कमी आढळले आणि इन्सुलिन प्रतिरोध जास्त. 2011 साली कॅनडातल्या अभ्यासानेही जवळपास हेच सांगितले आणि यकृतातल्या मेदाची भर घातली. हे सगळे परदेशात स्थायिक झालेले, बहुतेक पोटभर खाणारे लोक आहेत. भांडुपच्या चाळीत वाढलेली, लहानपणी उपास काढलेली आणि आता पन्नाशीत सकाळचा नाश्ता वडापावावर भागवणारी बाई त्यांच्यात नाही. मस्जिद बंदरला पाठीवर गोण्या वाहणारा, किडकिडीत आणि तरीही मधुमेही असणारा हमालही नाही. 2023 साली जाहीर झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) इंडियाब या मधुमेह सर्वेक्षणाने देशात 10.1 कोटी मधुमेही आणि पोटाचा लठ्ठपणा 39.5 टक्के लोकांत असल्याचे सांगितले. त्यांच्या चरबीच्या आत काय चालले आहे, हे समजून घेण्यासाठी आपल्याला परदेशी गेलेल्या नातलगांच्या पेशींकडे पाहावे लागते, ही मला वैद्यकीय शहर म्हणवणाऱ्या मुंबईची शोभा वाटत नाही.

रक्ताच्या तपासणीवर का भागत नाही, असे विचारले जाईल. समजा, हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी भरती झालेल्या एका माणसाची उपाशीपोटीची साखर 98 आहे. रिपोर्टवर ती नॉर्मल म्हणून येते आणि कोणी दुसऱ्यांदा पाहत नाही. त्याच नमुन्यात इन्सुलिन मोजले आणि ते 16 मायक्रोयुनिट आले, तर ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 1985 साली दिलेल्या सूत्राप्रमाणे दोन्ही गुणून 405 ने भागायचे, उत्तर 3.9 च्या जवळ येते. मर्यादा नेमकी कुठे धरावी याबद्दल एकमत नसले, तरी हा माणूस साखर नॉर्मल ठेवण्यासाठी स्वादुपिंडाला जास्तीचे राबवतो आहे, इतके त्यावरून कळते. पण प्रतिरोध यकृतात आहे, स्नायूत आहे की मेदपेशीतच सुरू झाला, त्याच्या त्वचेखालच्या पेशी फुगल्या आहेत का, ओमेंटममध्ये मॅक्रोफेज किती आहेत, हे त्या आकड्यात नसते. त्यासाठी तुकडाच हातात असावा लागतो. आणि एकाच माणसाचे दोन तुकडे, एक त्वचेखालचा आणि एक पोटातला, शेजारीशेजारी ठेवून पाहायला मिळणे ही संधी शस्त्रक्रियेखेरीज क्वचितच मिळते.

कोणाच्या शस्त्रक्रियेपासून सुरुवात करावी, याबद्दल माझे मत असे, की हर्नियापासून करावी. पित्ताशयाचे रुग्ण संख्येने भरपूर आहेत आणि दुर्बिणीने शस्त्रक्रिया होत असल्याने ओमेंटम समोरच दिसते, पण पित्तखडे स्वतःच लठ्ठपणा आणि इन्सुलिन प्रतिरोध यांच्याबरोबर येतात, त्यामुळे तेवढेच रुग्ण घेतले तर चित्र एका बाजूला झुकेल. हर्नियात सडपातळ, कष्टकरी पुरुष भरपूर मिळतात. गरोदरपणात इन्सुलिन प्रतिरोध निसर्गतःच वाढतो, म्हणून सिझेरियनचे नमुने वेगळ्या कप्प्यात आणि वेगळ्या प्रश्नासाठी ठेवावेत. परळमध्येच असलेल्या आयसीएमआरच्या प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेला त्यांत रस वाटेल असे मला वाटते.

चरबी हाताळायला अवघड ऊती आहे, हे नीतिसमितीतल्या बिगर-वैद्यकीय सदस्यांसाठी सांगते. पॅथॉलॉजीच्या नेहमीच्या पद्धतीत तुकडा अल्कोहोल आणि झायलीनमधून जातो, त्यात मेद विरघळून जातो आणि काचपट्टीवर उरतात ती रिकामी पांढरी वर्तुळे आणि कडेला चिकटलेले केंद्रक. आकार मोजायला ती पुरतात, पण पेशी काम कशी करत होती हे त्यातून कळत नाही. जिवंत पेशी वेगळ्या करायच्या तर अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ मार्टिन रॉडबेल यांची 1964 सालची रीत अजून वापरात आहे: ताजा तुकडा कात्रीने बारीक करून कोलॅजेनेज विकरात, शरीराच्या तापमानाला, हळूहळू हलवत ठेवायचा, जोडणारे धागे सुटतात, मेदपेशी हलक्या असल्याने वर तरंगतात आणि रक्तवाहिन्यांच्या व प्रतिकारशक्तीच्या पेशी तळाला बसतात. ही प्रक्रिया तासाभराच्या आत सुरू व्हावी लागते. जनुकांचा अभ्यास करायचा तर तुकडा काढल्यावर काही मिनिटांत द्रव नायट्रोजनमध्ये गोठवावा लागतो, आणि चरबीत आरएनए (जनुकांचा संदेश वाहणारा रेणू) कमी असल्याने तो अगदी इवलासा असून चालत नाही. रुग्ण किती तास उपाशी होता, भूल देताना ग्लुकोजची सलाईन लावली होती का, आणि तुकडा किती वाजता कापला, एवढ्या तीन नोंदी नसतील तर फ्रीजरमध्ये शंभर कुप्या असूनही त्यांचा उपयोग होणार नाही. म्हणजे या योजनेचा आत्मा फ्रीजर नाही, शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी घड्याळ पाहून वही भरणारा एक तंत्रज्ञ आहे, आणि त्याचे पद कंत्राटी ठेवून दर सहा महिन्यांनी माणूस बदलायचा असेल तर हे काम सुरू न केलेले बरे.

आता संमतीबद्दल, ज्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. जी चरबी शस्त्रक्रियेसाठी काढावीच लागते, तिचा उरलेला भाग राखणे ही एक गोष्ट. आणि जिथे काढण्याची गरज नाही तिथे केवळ संशोधनासाठी अर्धा ग्रॅम कापणे ही दुसरी. दुसऱ्या प्रकारात धोका लहान असला तरी तो असतो, रक्तस्राव होऊ शकतो, आणि त्याची संमती स्वतंत्र कागदावर, स्वतंत्र सहीने घेतली पाहिजे. पहिली दोन वर्षे पेढीने फक्त पहिल्या प्रकारावर चालावे, असा माझा आग्रह आहे.

आपल्या रुग्णालयांतली संमती कशी घेतली जाते, ते आपण सर्व जाणता. शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात माझ्या बहिणीच्या शस्त्रक्रियेच्या सकाळी, ट्रॉली सरकवत असतानाच इंग्रजीतले चार छापील कागद पुढे आले आणि 'इथे, इथे आणि इथे' असे बोट ठेवून सह्या घेतल्या गेल्या. तिला इंग्रजी वाचता येते, पण चष्मा आधीच काढून घेतला होता. संशोधनाची संमती अशी घेतली तर ती कागदावर वैध ठरेल, पण तिला संमती म्हणायला माझे मन होत नाही. ती भरतीच्या आदल्या दिवशी किंवा ओपीडीत, शस्त्रक्रियेशी संबंध नसलेल्या व्यक्तीने, मराठीत किंवा हिंदीत बसून समजावून घ्यावी. आणि 'नाही' म्हटले तरी तारीख पुढे जाणार नाही, हे वाक्य पहिल्या परिच्छेदात असावे. 'डॉक्टर सांगतील तसं' हे उत्तर होकार म्हणून नोंदवू नये.

एक चांगली प्रथा मात्र आपल्याकडे आधीपासून आहे. शस्त्रक्रिया झाल्यावर सर्जन दाराबाहेर येऊन नातेवाइकांना ट्रेमधला काढलेला भाग दाखवतात, आणि पित्ताचे खडे तर बाटलीत घालून घरीही देतात. आपल्या शरीरातून काय निघाले हे जाणून घ्यायची लोकांना इच्छा असते, त्याची किळस वाटत नाही. त्याच वेळी 'यातला एवढा तुकडा आम्ही तुमच्या परवानगीने ठेवून घेतला आहे' असे सांगणे अवघड नाही.

आयसीएमआरच्या 2017 च्या राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत जैविक नमुने आणि जैवपेढ्या यांवर स्वतंत्र विभाग आहे. व्यापक (पुढच्या संशोधनांसाठीही चालणारी) संमती, ती मागे घेण्याचा हक्क, नमुने परदेशी पाठवण्याच्या अटी, व्यापारी लाभ झाल्यास त्यात वाटा, हे सगळे तिथे आले आहे, त्यामुळे नव्याने नियम घडवण्याची गरज नाही. त्यात माझ्या मते एका गोष्टीची भर घालावी. पेढीसाठी मोजलेली साखर, इन्सुलिन आणि कंबरेचे माप रुग्णाला लेखी मिळालेच पाहिजे आणि आकडा बिघडलेला असेल तर त्याला त्याच रुग्णालयाच्या मधुमेह ओपीडीचा कागद हातात दिला पाहिजे. ज्याच्याकडून आपण काही घेतो त्याला निदान एवढे परत मिळावे. औषध कंपन्यांना नमुने हवे असतील, आणि वजन कमी करणाऱ्या नव्या इंजेक्शनांच्या या दिवसांत ते हवे असणारच, तर अर्ज उघडपणे समितीपुढे यावा आणि निर्णय संकेतस्थळावर लागावा.

जागेचा प्रश्न मी मुद्दाम काढते. उणे 80 अंशांचे फ्रीजर तळघरात किंवा तळमजल्यावर ठेवू नयेत. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला होता, आणि हिंदमाताला पाणी कसे तुंबते हे परळला सांगायला नको. 12 ऑक्टोबर 2020 च्या सकाळी जवळजवळ सबंध मुंबईची वीज गेली होती, म्हणून जनरेटरची जोडणी आणि नायट्रोजनचा राखीव साठा दोन्ही हवेत. हे काम कसे करायचे ते शिकायला लांब जायला नको. केईएमच्या शेजारीच टाटा स्मारक रुग्णालयात कर्करोगाच्या गाठींचे नमुने जपणारी पेढी वर्षानुवर्षे चालू आहे. तिथल्या नोंदवह्या, कुप्यांवरचे बारकोड आणि नमुना देण्याची पद्धत पाहून आपली रचना करता येईल.

खाटा अपुऱ्या असताना, ओपीडीच्या रांगा रस्त्यापर्यंत येत असताना चरबीचे तुकडे कसले जपता, हा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो खोटा नाही. पण याच रांगांमध्ये मधुमेहाने पाय सडलेले, डायलिसिसची वाट पाहणारे रुग्ण उभे असतात. त्यांना आपण देतो तो सल्ला तेल कमी करा, साखर कमी करा, चाला, इतकाच असतो. तो चुकीचा नाही, पण किडकिडीत हमालाला तो ऐकवताना डॉक्टरलाही तो अपुरा वाटत असणार. कोणत्या माणसाची साठवण-क्षमता लवकर संपते हे ओळखता आले, तर कोणाला पस्तिशीतच गाठायचे, हेही ठरवता येईल. ते ओळखण्याचे काम आपल्याच रुग्णांच्या ऊतींवर व्हायला हवे.

कृपया हा विषय चारही नीतिसमित्यांच्या येत्या बैठकांच्या विषयपत्रिकेवर घ्यावा आणि शस्त्रक्रिया, पॅथॉलॉजी, जीवरसायनशास्त्र व औषधवैद्यक विभागांच्या प्रमुखांना एकत्र बोलवावे. संमतीपत्राचा मराठी मसुदा मी तयार केला असून तो स्वतंत्रपणे पाठवत आहे. तो अंतिम करण्याआधी वॉर्डातल्या एखाद्या आयाबाईंना आणि दोन-तीन रुग्णांना मोठ्याने वाचून दाखवावा, आणि ज्या वाक्याशी त्या अडतील ते बदलावे. तंत्रज्ञांना नोंदी शिकवण्यासाठी आठवड्यातून एक दिवस, कोणत्याही मानधनाशिवाय, यायची माझी तयारी आहे.

आपली नम्र,
जीवरसायनशास्त्राची एक निवृत्त अध्यापिका,
दादर, मुंबई